बावीस खोल्यांचा गजर

६ जानेवारी, सोमवार

पतसंस्थेने दिलेली डायरी दरवर्षी कोरीच राहते. या वर्षी लिहायचं ठरवलंय, कारण लॉजवर जे चाललंय ते कुठेतरी उतरवून ठेवलं नाही तर माझं डोकं फुटेल.

आज लॉजचे मालक आप्पासाहेब यांचा मुलगा रविराज पुण्याहून टेम्पो भरून आला. पुण्यात कुठलंसं मोठं हॉटेल बंद पडलं, त्याचं सामान भंगाराच्या भावात निघालं होतं, त्यातून यानं बावीस डबे उचलले. काळे, पावाच्या लादीएवढे. पुढे घड्याळ, दोन्ही बाजूंना जाळीच्या कापडामागे स्पीकर आणि वर एक खाच. त्या खाचेत काडेपेटीएवढा गाण्यांचा प्लेअर उभा बसवायचा. याला डॉक म्हणतात म्हणे. प्लेअरही बावीस, वेगळ्या खोक्यात. असले प्लेअर आता कुणी वापरत नाही, सगळं मोबाईलवर असतं, एवढं मलाही कळतं. पण रविराज म्हणतो, "नाना, तेच तर बरं आहे. गेस्टचा मोबाईल कुठलाही असू दे, आपला प्लेअर आपला. बरोबर साडेतीनला प्रत्येक खोलीत सनई सुरू."

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही डॉक सांभाळायचे," म्हणाला. वर हसला.

सव्वीस वर्षं मी चंद्रकला लॉजमध्ये माणसं उठवतोय. शिर्डीत काकड आरतीची रांग गाठायची तर साडेतीनला उठावं लागतं, आणि दिवसभर गाडीत आंबून आलेल्या माणसाला साडेतीनला जाग येत नाही. म्हणून मी. रात्री काउंटरवरच्या वहीत ज्यानं खोलीचा नंबर लिहिला त्याचं दार तीनदा वाजवायचं, "साईराम, उठा" म्हणायचं आणि आतून ओ आल्याशिवाय दार सोडायचं नाही. हा नियम मी घातलेला, आप्पासाहेबांनी नाही. चार वर्षांपूर्वी १०५ मधून ओ आली नाही म्हणून मी जास्तीच्या चावीनं दार उघडलं, तर गृहस्थ बाथरूमच्या उंबऱ्यात पडलेले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. दर दसऱ्याला त्यांच्याकडून मिठाईचं पार्सल येतं. डबा करणार आहे का हे?

८ जानेवारी, बुधवार

डबा चालवायला शिकलो. शिकावं लागलं.

प्लेअर खाचेत सरळ दाबायचा. तिरका गेला की आतली पितळी जीभ वाकते. खाच मोठी आणि प्लेअर बारका, म्हणून मध्ये प्लास्टिकची एक चौकट घालायची. चौकटी चार मापांच्या आणि चारही एकसारख्या दिसतात. मागे एक बटण दाबून धरलं की घड्याळाचे आकडे लुकलुकतात, मग पुढच्या बटणानं वेळ लावायची. गजराचं बटण वेगळं. गजराचा आवाज वेगळा आणि नुसतं गाणं ऐकायचा आवाज वेगळा. आवाजाचे आकडे शून्यापासून तीसपर्यंत. पोटात तीन गोळीएवढे सेल असतात, लाईट गेली तर घड्याळानं वेळ विसरू नये म्हणून.

रविराज हे सगळं सांगत होता पण खाली मान घालून, डब्याशीच बोलल्यासारखं. आजकालच्या पोरांना समोर बघून बोलायची सवयच नाही. मी दोनदा "काय?" म्हटलं तर तिसऱ्यांदा ओरडला. मी म्हटलं, ओरडू नकोस, मी काही बहिरा नाही.

काउंटरवरची सविता मध्ये पडली. पुणतांब्याची आहे, दहा वर्षं आमच्याकडे आहे, मला मुलीसारखी. तिनं प्रत्येक बटणावर काय ते चिठ्ठीवर लिहून चिकटवून दिलं. लिहिलेलं मला एका वाचनात समजलं. म्हणजे खोट माझ्या डोक्यात नाही, सांगणाऱ्याच्या तोंडात आहे.

९ जानेवारी, गुरुवार

पहाटे साडेतीनला एकही डबा वाजला नाही. दार वाजवायचं नाही अशी मला ताकीद, म्हणून मी जिन्यात बसून राहिलो. नऊ खोल्यांची आरती चुकली. आणि दुपारी साडेतीनला, दर्शन करून, जेवून लोक आडवे झाले असताना, बावीसच्या बावीस डबे एकदम सुरू झाले.

चूक म्हणे माझी. आकड्याशेजारी एक टिकली असते, ती पेटलेली असली की दुपार, विझलेली असली की पहाट. हे कुणी सांगितलं होतं का? रविराज म्हणतो सांगितलं होतं. मी शपथेवर लिहितो, सांगितलं नव्हतं.

लोकांनी राईचा पर्वत केला. कुणी म्हणालं लग्नाची वरात आत शिरल्यासारखं वाटलं, कुणी म्हणालं छत कोसळलं असं वाटलं. अरे, मी दुसऱ्या मजल्यावरच होतो, पॅसेजमध्ये बाकावर. लांब कुठेतरी वाजतंय एवढंच मला जाणवलं, मला वाटलं रस्त्यावरून पालखी चाललीय. एवढ्याशा आवाजाला छत कोसळतं होय?

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. घरी बायकोनं, पुष्पावतीनं, बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली होती, पण जेवणात लक्ष लागलं नाही. गेल्या वर्षी नवी कवळी बसवल्यापासून हिचं बोलणं तोंडातल्या तोंडात होतं. किती वेळा सांगितलं, राहात्याच्या त्या दातवाल्याकडे जाऊन घासून घे. ऐकत नाही. नुसती हातानं दाखवते, भाकरी पाहिजे का, वरण पाहिजे का. मुक्याच्या घरी राहिल्यासारखं वाटतं.

डबे आता पहाटे वाजतात, टिकलीचा प्रश्न मिटला. पण आवाज! काल बारावर लावून बघितला, कुठं काही नाही. या पुण्याच्या हॉटेलानं बिघडलेलेच डबे गळ्यात मारलेत हे उघड आहे. मी गुपचूप सगळे अठ्ठावीसवर नेऊन ठेवले. अठ्ठावीसला सनई नीट लागते, गोड लागते.

१६ जानेवारी, गुरुवार

११० मध्ये नांदेडचं जोडपं, पाच महिन्यांचं बाळ. साडेतीनला डबा वाजला आणि बाळ जे रडायला लागलं ते सहापर्यंत थांबलं नाही. बाळाची आई रडत खाली आली. सगळा मजला जागा. ज्यांनी वहीत नंबर लिहिलाच नव्हता तेही उठून आले.

आप्पासाहेबांनी मला आत बोलावलं. आम्ही राहात्याच्या एकाच शाळेत एका बाकावर बसायचो. बाहेर मी त्याला साहेब म्हणतो, आत आप्पा. तो म्हणाला, "गोरख, इतका आवाज कामून ठिवला रं?"

मी म्हटलं, "इतका म्हणजे किती? अठ्ठावीसच्या खाली तुझे डबे मुके आहेत. रविराजनं फसवून घेतलंय."

आप्पा रविराजला हाक मारून एवढंच म्हणाला की प्रत्येक डब्यावर खूण करा. रविराजनं लाल चिकटपट्टीवर नऊ लिहून बावीस डब्यांवर लावलं. नऊ! नऊवर कुंभकर्ण सोडा, चिलटसुद्धा उठणार नाही. मी तसं तोंडावर म्हणालो. सविता मान खाली घालून हसली असं मला वाटलं, नंतर बघतो तर हसत नव्हती.

२१ जानेवारी, मंगळवार

दिवसा सगळे डबे नऊवर दिसतात. संध्याकाळी गादीवरच्या चादरी बघायच्या निमित्तानं मी आत जातो आणि वीसवर नेतो. सकाळी परत नऊवर आणतो. चोरून करावं लागतंय, पण माणूस झोपून राहिलं तर पाप कुणाच्या माथी? आठवड्यात दोन तक्रारी आल्या, त्या सवितानं परस्पर मिटवल्या. मला काय ते सांगत नाही. मी काउंटरशी गेलो की सगळ्यांचं बोलणं थांबतं, नाहीतर इतकं हळू होतं की नुसते ओठ हलताना दिसतात. माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

सव्वीस वर्षं इमानानं काम केल्याचं हे फळ. उद्या एखादा डबा माझ्याऐवजी जिन्यात बसवतील आणि मला घरी पाठवतील. रविराजचा तोच डाव आहे, आप्पा पोराच्या कह्यात गेलाय. उठवण्याचं काम गेलं तर मी कोण? राहात्याच्या चावडीवर बसणारा एक म्हातारा.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस लिहितोय. रागानं.

पहाटे दोनच्या सुमारास लाईट गेली आणि थोड्या वेळानं आली. मी पॅसेजमध्ये बसलोच होतो. साडेतीन झाले, पावणेचार झाले, एकाही दाराखाली उजेड दिसेना. एका रिकाम्या खोलीत डोकावलो तर डब्याच्या घड्याळात बारा वाजून शून्य मिनिटं, तीही लुकलुकत. पोटातले सेल जुने, मेलेले. बावीस डबे एकजात आंधळे झाले होते.

खरं सांगतो, मला आनंद झाला. दोन आठवड्यांनी मी परत दारं वाजवली. तीनदा, "साईराम, उठा". लोक दारं उघडून बाहेर यायला लागले, घाईत होते.

२०३ मधून ओ आली नाही. वहीत नाव आक्काबाई, गाव पाथर्डीकडचं, वय सत्तरच्या पुढे, एकट्या. मी परत वाजवलं. कान लावला. शांत. पाच मिनिटं वाजवलं, दहा मिनिटं वाजवलं. मला १०५ मधले ते गृहस्थ दिसायला लागले. मी जास्तीची चावी काढली आणि दार उघडलं.

म्हातारी लुगडं नेसत होती. हाताशी तांब्या होता तो तिनं फेकला, तो माझ्या खांद्याला लागला.

सातला काउंटरवर तमाशा. आप्पासाहेब, रविराज, सविता, दहा-बारा गिऱ्हाइकं. आक्काबाई सगळ्यांच्या मधोमध उभी. म्हातारी असून कणखर, काळी, हाताला कोयत्याचे घट्टे.

"अकरा डाव ओ दिली म्या ह्याला! मोजून अकरा डाव! उठले रं बाबा, उठले, नेसू दे, म्हनून वरडले. उसाच्या फडात माझी हाक चार एकरावर जायाची. वीस वर्सं टोळी उठवली म्या, पहाटं तीनला, खोपीखोपीत जाऊन. आन् ह्यो दाराला कान लावून हुबा आन् ह्याला ऐकू येत न्हाई?"

मी म्हटलं, "बाई, खोटं बोलू नका. तुम्ही ओ दिली असती तर मी दार उघडलं नसतं. सव्वीस वर्षांत माझ्याकडून असं झालेलं नाही."

ती माझ्यापुढे आली. अगदी तोंडासमोर. खालून वर बघत होती, राग उतरला होता. म्हणाली, "बाबा, तुला ऐकाया येत न्हाई."

एका परक्या बाईनं भर काउंटरवर मला बहिरा म्हणावं! मी आप्पासाहेबांकडे बघितलं, आता हा बोलेल म्हणून. आप्पा चष्मा पुसत होता. सविता वहीची पानं चाळायला लागली. रविराज मोबाईलमध्ये. एक माणूस माझ्या बाजूनं बोललं नाही. असल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी लागायची त्यांना लाज वाटली असणार, पण म्हणून काय माझी अब्रू अशी चव्हाट्यावर सोडायची?

२५ जानेवारी, शनिवार

उठवण्याच्या कामावरून काढलं. तात्पुरतं म्हणे. फुलझाडांना पाणी घालायचं.

२७ जानेवारी, सोमवार

काल दिवसभर विचार केला आणि ठरवलं की पुरावा द्यायचा. डबे बिघडलेले आहेत हे एकदा कागदावर दाखवलं की रविराजची बोलती बंद होईल. दुपारी २०३ रिकामी होती. दार लावून घेतलं, पंखा बंद केला, वही घेऊन डब्यासमोर खुर्ची मांडली. प्लेअर सरळ दाबला, चौकट बरोबर मापाची घातली. आवाज एकवर. सुरू.

लिहिलं: एक, मुका. दोन, मुका. तीन, मुका. असं करत नऊपर्यंत आलो. नऊ, मुका. प्लेअरच्या काचेवर गाण्याचे सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे गाणं चालू होतं आणि आवाज नव्हता. मला बरं वाटलं. स्पीकरची तार सुटलीय, झालं. जाळी सैल आहे का बघावी म्हणून मी तळहात कापडावर टेकवला.

कापड थरथरत होतं.

मी हात काढला, परत ठेवला. सनई हाताला लागत होती. खालचा संबळाचा ठेका लागत होता. थांबत होता, परत येत होता. हाताला सगळं वाजत होतं आणि कानाला काही नव्हतं.

किती वेळ तसा बसलो माहीत नाही. दार ढकलून सविता आत आली, हातात धुतलेले टॉवेल. ती टॉवेल ठेवता ठेवता मान डोलावत होती. ठेक्याला, बरोबर ठेक्याला. मी विचारलं, "सविता, वाजतंय?"

तिनं मान डोलावणं थांबवलं. तिच्या तोंडाचा रंग उतरला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "व्हय नाना. चांगलं वाजतंय की." हे मला ऐकू आलं का दिसलं, आता सांगता येत नाही.

मी उरलेल्या सगळ्या रिकाम्या खोल्यांत गेलो. सहा होत्या. एखादा तरी डबा खरंच बिघडलेला निघावा असं वाटत होतं. प्रत्येकावर हात ठेवला. सहाही वाजत होते.

२८ जानेवारी, मंगळवार

घरी आलो, पुष्पावतीला समोर बसवलं. म्हटलं, खरं सांग. तिनं पदर डोळ्याला लावला, म्हणजे उत्तर मिळालंच.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, स्पष्ट म्हणाली, कवळीचं काही बिघडलेलं नाही. "कुकरच्या शिट्ट्या होत्यात, तुमी शेजारी बसून पेपर वाचता. पोरीचा फोन आला की तुमी व्हय व्हय म्हनता आन् ठिवून देता. ती मला परत फोन करती. काय बोलली ते तुमाला कळल्यालंच नसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा बोलले. तुमी ताट सरकवून उठलात. आठवतं का?"

आठवत नाही. म्हणजे आठवतं.

मग तिनं उरलेलं सांगितलं, आणि ते मला जास्त लागलं. दिवाळीनंतर ही लॉजवर गेली होती. मला न सांगता. माझ्याविषयीच्या तक्रारी आप्पाकडे तेव्हा एकतीस झाल्या होत्या. उठलो म्हणून सांगितलं तरी दार बडवतो, हीच प्रत्येक तक्रार. हिनं आप्पासमोर हात जोडले, त्यांना काढू नका, कळलं तर जीव देतील, दुसरं कायतरी काम लावून द्या. आणि आप्पानं ठरवलं की उठवायची काहीतरी दुसरी सोय करू, आणि ती सोय गोरखच्याच हाती देऊ. म्हणजे ते डबे! ते बावीस डबे मला घालवण्यासाठी आणले नव्हते, मला ठेवण्यासाठी आणले होते. रविराज पुण्यात तीन दिवस त्याच्यासाठी फिरत होता. आणि मी तो त्याचा डाव म्हणालो.

हिला वाटलं हे ऐकून मी शांत होईन. मी पेटलो. जेवलो नाही. अख्ख्या शिर्डीला माहीत, राहात्याला माहीत, माझ्या पोरीला माहीत, बहुतेक दुधवाल्याला पण माहीत. एकट्या गोरक्षनाथाला माहीत नाही! सगळ्यांनी मिळून मला सांभाळलं. मी काय तान्हं बाळ आहे?

सगळ्या जगात खरं बोललं ते फक्त त्या पाथर्डीच्या म्हातारीनं, आणि तिला मी खोटारडी म्हणालो. वहीत तिच्या गावाचा पत्ता आहे. पत्र लिहिलं. चार ओळींचं, पण माफी मागताना पेन तीनदा अडलं.

३० जानेवारी, गुरुवार

आप्पाच्या केबिनमध्ये गेलो. सविता हिशोबाची वही दाखवत होती, तिला थांब म्हटलं. साक्षीला कुणीतरी पाहिजे होतं.

"आप्पा, मला ऐकू येत नाही हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

तो उठला आणि भिंतीवरच्या फोटोचा हार सारखा करायला लागला. माझ्याकडे पाठ. खांदे हलत होते, म्हणजे बोलत होता.

"इकडं तोंड करून बोल."

तो वळला. "दीड वरीस."

"मग सांगितलं का नाही?"

"गोरख, तू मोडला असतास रं."

"मोडलो असतो! मोडलो असतो तर दीड वर्षात सांधलो पण असतो. कानाच्या डॉक्टरकडे गेलो असतो. त्या बाईच्या खोलीत शिरलो नसतो. त्या बाळाला अडीच तास रडवलं नसतं." माझा आवाज बाहेरपर्यंत जात असणार. जाऊ दे. "सव्वीस वर्षं मी तुझ्या गिऱ्हाइकांना उठवलं. कुणी रडत उठलं, कुणी शिव्या देत उठलं. रात्री दोनला येऊन टेकलेली माणसं असायची, लेकुरवाळ्या बायका असायच्या. मला दया यायची. दर पहाटे यायची. पण एक दार मी दयेपोटी सोडलं का? सोडलं असतं तर त्यांची आरती चुकली असती आणि उठल्यावर त्यांनी मला विचारलं असतं, की तुला उठवायला ठेवलं होतं ना? तुम्ही मला दया करून झोपू दिलंत. दीड वर्ष. एकानं दार वाजवलं नाही."

सविता रडायला लागली. आप्पाच्याही डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचाही राग आला, खोटं कशाला लिहू.

मग आप्पा माझ्या अगदी समोर आला, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि एकेक शब्द सुटा करून, तोंड उघडून बोलला, "गोरख. तुला. ऐकू. येत. न्हाई."

"आता सांगितलंस," मी म्हटलं. "आता माझं ऐक."

डबे राहतील. सेल नवे घालायचे. आवाज नऊवर, आणि नऊ बरोबर आहे की नाही ते सविता ऐकून सांगेल, मी नाही. सोमवारी नगरला कानाच्या डॉक्टरकडे जाणार, सुट्टी पाहिजे. आणि शनिवारपासून दारं मीच वाजवणार.

"ओ कशी ऐकशील?"

"ओ नको. गिऱ्हाइकानं दार उघडून तोंड दाखवायचं. तोंड दिसल्याशिवाय मी दार सोडणार नाही."

"आन् गिऱ्हाइकाला सांगायचं काय?" सविता डोळे पुसत म्हणाली.

"जे आहे ते."

तिनं काउंटरवर लावायला पाटी लिहिली. उठवणाऱ्या काकांना थोडं कमी ऐकू येतं, कृपया दार उघडावं. चांगलं अक्षर आहे तिचं. मी 'थोडं' खोडलं. मग 'कमी' पण खोडलं. मग तिला म्हटलं, नवीन कागद घे आणि नीट लिही. तिनं लिहिलं: उठवणाऱ्याला ऐकू येत नाही. दार उघडून तोंड दाखवावं.

रविराजनं ती पाटी फ्रेम करून आणली. मी त्याला म्हटलं, डब्यांबद्दल जे बोललो ते मागे घेतो. तो म्हणाला काहीतरी, मान खाली घालून. मी म्हटलं, वर बघून बोल. त्यानं वर बघून सांगितलं, "नाना, टिकलीचं मी खरंच सांगितलं होतं."

सांगितलं असेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

एकोणीस खोल्या. साडेतीनला डब्यांवर सनई सुरू झाली असणार, नऊवर. मी जिना चढलो.

सव्वीस वर्षं मी या लोकांचे आवाज ऐकले, तोंडं बघितलीच नव्हती. झोपेतून उठलेल्या माणसाचं तोंड बघण्यासारखं असतं असं काही नाही. गालावर उशीच्या वळ्या, केस उभे. पण तोंड दाखवताना जवळजवळ प्रत्येक जण हात जोडत होता, का ते कळलं नाही. १०८ मधल्या बाईनं लेकराला कडेवर घेऊन त्याचंही तोंड दाखवलं. एवढं मी सांगितलं नव्हतं.

२०७ उघडेना. मी वाजवत राहिलो. जास्तीची चावी खिशात होती, तिला हात लावला नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं, आठ. शेवटी दार धाडकन उघडलं. जाडजूड माणूस, बनियनवर, रागानं लालबुंद. त्याचे ओठ भराभरा हलत होते. आतून केव्हाची ओ दिलीय, हेच म्हणत असणार.

खाली पाटी आहे, मराठीत आहे, फ्रेममध्ये आहे, तरी लोक वाचत नाहीत. एरवी मी त्याला तिथल्या तिथं झापलं असतं. झापायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की पाटीवरचं ते वाक्य मी अजून कुणाही परक्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाही. लिहून घेतलं, फ्रेम केलं, भिंतीला लावलं, पण सांगितलं नाही.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

किती मोठ्यानं म्हणालो कोण जाणे, कारण पॅसेजमधली तीन-चार दारं उघडली. त्या माणसाचे ओठ थांबले. त्यानं मान हलवली, आत वळून दिवा लावला आणि टॉवेल घेऊन बाथरूमकडे गेला. उठला होता. मी २०८ चं दार वाजवलं.